आठवी फळी

बोलिंग म्हटलं की लोक मला किती विकेटा पडल्या ते विचारतात. आमच्याकडं विकेटा नसतात. आमच्याकडं दहा पिना असतात, पिनांपासून साठ फुटांवर एक काळी रेघ असते, मध्ये गुळगुळीत लाकडी लेन असते, आणि लेनच्या दोन्ही कडांना गटर असतं, ज्यात नव्या माणसाचा बॉल हमखास जातो. अशा बारा लेन एका छपराखाली असलेल्या हॉलमध्ये मी गेली सव्वीस वर्षं बसतो. खेळायचे बूट भाड्यानं देतात त्या काउंटरशेजारी माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ड्रिल, एक टेबल आणि वर-खाली होणारं एक कुरकुरतं शटर. गिऱ्हाइकाचा पंजा मापायचा आणि त्याच्या बॉलला तीन भोकं पाडायची, हा माझा धंदा. भोकं विकतो म्हणून मला सगळे होलसेल म्हणतात. मी मनावर घेत नाही.

आमच्या हॉलमधल्या मामाला सगळे फळीमामा म्हणतात. लेन एकोणचाळीस अरुंद फळ्या शेजारी शेजारी जोडून केलेली असते, आणि या गृहस्थाला जगातली प्रत्येक गोष्ट फळ्यांत मोजायची खोड. बाकावर बसताना तो म्हणणार, "जरा चार फळ्या सरक." दाढी करताना कापलं तर म्हणणार, "अर्धी फळी कापलं." मी एकदा वैतागून विचारलं, "मामा, तुझी अक्कल किती फळ्या रे?" तर शांतपणे म्हणाला, "मधल्या पाच. बाकी कोरड्या." असल्या माणसाशी भांडताही येत नाही.

त्याचं काम लेनला तेल घालण्याचं. हे तेल डोळ्यांना दिसत नाही, पण सगळा खेळ त्याचाच असतो. रोज सकाळी आठला मामा मशीन लेनवर सोडतो. ते कालचं तेल पुसत जातं आणि आजचं घालत जातं. बॉल तेलावरून नुसता घसरतो आणि तेल संपलं की लाकडाला धरून वळतो. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी मध्ये तेल जास्त आणि कडेला कमी ठेवतात. मग चुकून कडेला गेलेला बॉलही वळून पिनांत शिरतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला खेळ येतो. स्पर्धेचं तेल असं लाड करत नाही. ते या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं, चव्वेचाळीस फूट लांब. तिथं एक फळी चुकली की बॉल चुकलेल्या वाटेनंच शेवटपर्यंत जातो. आम्ही त्याला सपाट तेल म्हणतो.

सपाट तेलावर कसं खेळायचं हे मामा विचारणाऱ्याला सांगतो आणि न विचारणाऱ्याला जास्त सांगतो. तेलाच्या लांबीतून एकतीस वजा करायचे. उरेल तो आकडा आपल्या बाजूच्या कडेपासून मोजायचा. तेल संपतं तिथं बॉल त्या फळीवर हवा. चव्वेचाळीसातून एकतीस गेले, तेरा राहिले. तेरावी फळी. बॉल घासून खरबरीत करायचा, म्हणजे तो तेलातही थोडी पकड घेतो. मोठं वळण घ्यायची हौस घरी ठेवून यायची. आणि एखादी पिन उभी राहिलीच तर तोंड वाकडं न करता दुसऱ्या बॉलनं ती उचलायची. "दहाच्या दहा कोण पाडतो यावर सपाट तेल जिंकता येत नाही," तो म्हणतो. "एक कोण सोडत नाही, ते बघायचं."

मामाला इथं आणलं ताईनं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. बुटांच्या काउंटरवर बसायची. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर लहान मुलीला घेऊन ती भावाकडं राहायला आली आणि परत गेलीच नाही. दोन खोल्या, तीन माणसं. मामानं लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणायचा, "जागा कुठंय?" मला ते खरं वाटत नाही, पण मी पुढं विचारलं नाही.

ताई डावखुरी होती. सगळ्या लीगमध्ये एकटी. उजव्या हाताची माणसं आपल्या बाजूचं तेल दिवसभर बॉलनं ओढून नेतात, त्यामुळं उजवीकडची वाट तासातासाला बदलते. डावीकडं मात्र सकाळचं तेल संध्याकाळपर्यंत तसंच. "घरात मला खोली नाही," ती म्हणायची, "पण इथं अर्धी लेन माझी एकटीची आहे." हे ती हसत म्हणायची. मामा हसायचा नाही.

मग तिचे सांधे धरायला लागले. हे मला सगळ्यांच्या आधी कळलं, कारण तिच्या बॉलचं अंगठ्याचं भोक मी दोन वर्षांत तीनदा मोठं केलं. सुजलेला अंगठा आत जाईना. बॉल चौदा पौंडांचा होता तो बाराचा केला. मनगटातून वळण जवळजवळ गेलं होतं. अशा हातानं तिनं सपाट तेलाच्या मोठ्या स्पर्धेत नाव घातलं. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी म्हणालो, "ताई, कशाला?" ती म्हणाली, "पुढच्या वर्षी हात नसेल."

ती जिंकली. अकरा नंबरच्या लेनवर, आठव्या फळीवरून. हिशोब तेरावी सांगत होता, सगळे तेरावीच्या आसपास चाचपडत होते, आणि ही बाई निवांत आठवीवर बॉल सोडत होती. बॉल तिच्या दुखऱ्या हातातून जेमतेम फिरत निघायचा आणि तरी पुढं जाऊन कोणीतरी हाक मारल्यासारखा वळायचा. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. काउंटरमागं तिचा करंडक घेतलेला फोटो लागला. तिच्या वहीत, जिच्यात ती प्रत्येक लेनचं लिहून ठेवायची, त्या दिवसाखाली तीन ओळी आहेत: भाऊ तेरावी म्हणतो. माझा हात आठवी म्हणतो. अकरावर हाताचं ऐकायचं.

पुढच्या वर्षी एका दुपारी बुटांत फवारा मारता मारता ती खाली बसली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मुलगी अकरा वर्षांची होती. मामानं तिला वाढवलं, आणि बरं वाढवलं. आज ती वीस वर्षांची आहे, आईच्याच काउंटरवर बसते, आईसारखीच डावखुरी आहे, आणि आईची वही तिच्या पिशवीत असते.

ताई गेली तरी हॉलमधून पुरती गेली नाही, हे मी भुतावर विश्वास नसलेला माणूस सांगतोय. तिचे बूट खालच्या खणात तसेच होते. डावखुऱ्यांच्या उजव्या बुटाचा तळ घसरता असतो, ते कोणाला देता येत नाहीत, आणि टाकून द्यायचा धीर कोणाला नव्हता. गुण दाखवणाऱ्या पडद्यांच्या यंत्रात तिचं टोपणनाव राहून गेलं होतं. कधी वीज जाऊन आली की अकरा नंबरच्या पडद्यावर आपोआप 'डावी' अशी अक्षरं उमटायची आणि पुढं दहा रिकामी घरं. मामा जाऊन ते पुसायचा. पण लगेच नाही. थोडा वेळ बघून मग.

यंदा आमच्या मॅनेजरनं कुठून कुठून खटपट करून राज्याच्या मुलींच्या संघाची निवड स्पर्धा आमच्या हॉलवर आणली. सहा जागा. ताईची पोरगी त्या सहांत येऊ शकेल असं पहिल्यांदाच वाटत होतं. तिच्या वाट्याला अकरा-बारा ही जोडी आली. सरावासाठी सहा आठवडे आधीपासून या दोन लेनवर रोज सकाळी सपाट तेल घालायचं ठरलं. ताईच्या स्पर्धेनंतर इथं सपाट तेल पडलं नव्हतं. गिऱ्हाइकं चिडतात म्हणून मॅनेजर घालू देत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मामा एका सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. एका हातात चिकटपट्टी होती, दुसऱ्यात निळा दिवा. तेल नीट पडलंय का हे बघायची ही त्याची रीत: लेनवर आडवी पट्टी दाबायची, उचलायची आणि निळ्या दिव्याखाली धरायची. तेलात चमक मिसळलेली असते. जिथं तेल, तिथं पट्टी उजळते. जिथं नाही, तिथं काळी.

"बघ," तो म्हणाला.

पट्टी सगळी उजळलेली होती. फक्त डाव्या कडेजवळ एक बोटभर काळी रेघ.

"मशीनची सुई अडकली असेल," मी म्हणालो.

"मशीन बाराव्या लेनवर नीट घालतं. अकरावरही नीट घालतं. मी आठला घालतो, चहा घेतो, पावणेनऊला पट्टी उचलतो. मधल्या वेळात आठवी फळी पुसलेली असते. हॉलमध्ये मी एकटा असतो." तो खुर्चीवर बसला. "रोज, होलसेल. पहिल्या दिवसापासून."

मी काहीतरी थट्टा करणार होतो, पण तो मान वर करेना. मग त्यानं मला सांगितलं ते दहा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. ताईच्या स्पर्धेच्या सकाळी तेल घातल्यावर तो अकरा नंबरच्या डाव्या गटरमध्ये उतरला होता, आणि वाकून, कापडानं, आठवी फळी शेवटपर्यंत कोरडी करून आला होता. तिच्या हातात बॉल वळवायची ताकद उरली नव्हती, म्हणून त्यानं फळीलाच वळवायला लावलं. तेव्हा पट्ट्या तपासायला कोणी येत नसे. डावीकडं दुसरं कोणी खेळणार नव्हतं, म्हणजे कोणाच्या वाटेत काही येणार नव्हतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

"तिला माहीत होतं?"

"नाही. तिला वाटलं, हातानं सांगितलं. तिनं वहीत लिहिलं ना तसं." तो दिव्याखालच्या रेघेकडं बघत होता. "आता कळलंय तिला. म्हणून येते. मी खरं तेल घालतो आणि ती येऊन मला दाखवते, तू काय केलं होतंस ते."

दिसलं तसं सांगतो: तो घाबरलेला होता, पण नुसता घाबरलेला नव्हता. नऊ वर्षांनी कोणी घरी यावं तसा तो दिसत होता.

चार दिवसांनी मी साडेसातलाच दुकानात गेलो, कारण ड्रिलचा पट्टा बदलायचा होता. शटर अर्धं खाली ओढून जमिनीवर बसलो होतो. मामा आला, त्याला मी दिसलो नाही. त्यानं बाराही लेनना तेल घातलं, मशीन जागेवर नेलं, चहाचं पाणी ठेवलं. मग बूट काढले आणि मोज्यांवर अकरा नंबरच्या डाव्या गटरमध्ये उतरला. मागच्या खिशातून पिवळं कापड काढलं, वाकला, उजवा हात आठव्या फळीवर ठेवला आणि एक एक पाऊल टाकत पुसत निघाला. डोळे उघडे होते. चेहरा मात्र रोजचं घर झाडणाऱ्या माणसाचा, लक्ष दुसरीकडंच. तेल संपतं तिथं थांबला, परत आला, कापडाची घडी करून खिशात ठेवली, बूट घातले, बेसिनवर हात धुतले आणि चहा गाळला.

पावणेनऊला त्यानं पट्टी उचलून दिव्याखाली धरली. पांढरा पडला. नाटक नव्हतं ते. माणूस स्वतःच्या हाताला ओळखत नव्हता. मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या शटरमागं वाटली, आणि मी ओरडून त्याला सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही.

का नाही, ते सांगतो. नऊ वाजता पोरगी सरावाला आली. आईची वही बाकावर उघडी ठेवली, चार पावलं टाकली आणि आठव्या फळीवर बॉल सोडला. तो वळला. दहाच्या दहा. परत तसंच. परत तसंच. तासाभरानं ती माझ्याकडं पाणी प्यायला आली, गाल लाल झाले होते. म्हणाली, "काका, कोणाला सांगू नका. बाराव्या लेनवर मला घाम फुटतो. पण अकरावर मला कोणीतरी हात धरून नेतं."

"कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुम्हाला माहितीये कोण," ती म्हणाली आणि बाटली ठेवून गेली.

आता बोला. एकाला वाटतंय बहीण येते, एकीला वाटतंय आई येते, आणि दोघं एकमेकांपासून लपवतायत. मध्ये मी, भोकं पाडणारा माणूस. तीन आठवडे मी रोज ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज सकाळी दोघांचे चेहरे बघून उद्यावर ढकलायचो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नोटीस लागली. निरीक्षक येणार, रविवारी पहिला बॉल पडण्याआधी बाराही लेनच्या पट्ट्या स्वतः उचलणार. एका लेनवर एक फळी जरी कोरडी सापडली तरी खेळ रद्द, आणि ज्या खेळाडूचा त्यात फायदा दिसेल त्याचं नाव बाद. आमच्याकडं डावखुरी एकच होती, आणि तिला वाढवणारा माणूस तेल घालत होता. मामा नोटीस वाचून माझ्याकडं आला. "मी खरंच घालतो रे," तो म्हणाला. "पण ती आली तर? तिला कसं सांगू, उद्या येऊ नको?"

त्या संध्याकाळी त्याचं कामाचं जाकीट खुंटीवर होतं, आणि घरी जायच्या गडबडीत त्याची कामाची पँटही. मागच्या खिशातलं पिवळं कापड मी काढून घेतलं आणि माझ्या खणात ठेवलं. एवढंच सुचलं मला.

रविवारी मी साडेसातला शटर पूर्ण उघडं टाकून बसलो. मामानं तेल घातलं. चहाचं पाणी ठेवलं. बूट काढले. अकरा नंबरच्या गटरमध्ये उतरला, वाकला, आणि हात मागच्या खिशाकडं गेला. खिसा रिकामा. त्यानं खिसा चाचपला. दुसरा चाचपला. पुन्हा पहिला. मग तो तसाच वाकलेला थांबला आणि त्यानं खाली बघितलं: मोजे, गटर, लेनवर अधांतरी धरलेला उजवा हात. मान वळवली तेव्हा मी दिसलो.

"मीच?" तो म्हणाला.

मी मान डोलावली.

"रोज?"

"रोज."

तो गटरमध्येच बसला, लेनला पाठ टेकवून, मोज्यांचे पाय पसरून. नवं तेल शर्टाला लागत होतं, आणि तेलाचा एक थेंब इकडचा तिकडं झाला तर जेवण न जाणारा हा माणूस जागचा हलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे ती एकदाही आली नाही." मी त्याला हात देऊन उठवलं. पाठीनं खराब केलेली लेन त्यानं परत धुतली, परत तेल घातलं आणि परत पट्टी उचलली. उजळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग तो काउंटरवर गेला, जिथं पोरगी बुटांची नाडी बांधत होती.

मी जवळच होतो, त्यामुळं सगळं ऐकलं. त्यानं काही गाळलं नाही. दहा वर्षांपूर्वीचं सांगितलं, सहा आठवड्यांचं सांगितलं. पोरीनं नाडी सोडली आणि परत बांधली.

"मला वाटलं आई आहे," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं," मामा म्हणाला.

तिनं दुसरा बूट पायात घातला. मग ती म्हणाली, "मला आज सांगायची काय गरज होती? उद्या सांगायचंस."

"आज तू आठवीवर टाकला असतास."

निरीक्षक आले, पट्ट्या उचलल्या, सही केली. सरावाला दहा मिनिटं मिळतात. पोरगी अकरावर उभी राहिली आणि सगळं कळलेलं असतानाही पहिला बॉल आठवीवरच सोडला. आम्ही दोघांनी तो जाताना बघितला. तो वळला नाही. घसरत, घसरत, जसा सोडला तसा गेला आणि कोपऱ्यातल्या दोन पिना घेऊन मागं पडला. ती तिथंच थोडी थांबली. ती ऐकायचा प्रयत्न करत होती.

मग ती वळून थेट माझ्या दुकानात आली. "काका, बॉल घासून द्या. खरबरीत." आवाज कोरडा होता. मी जाड काचकागदानं बॉल चारही बाजूंनी घासला, पार मॅट करून दिला. तिनं वही बंद करून पिशवीत तळाशी घातली, उभं राहायची जागा पाच फळ्या उजवीकडं सरकवली आणि तेरावीवर नजर लावली.

सुंदर खेळली असं मी म्हणणार नाही. दहाच्या दहा फार थोड्या वेळा पडल्या. आठ, मग उरलेल्या दोन. नऊ, मग उरलेली एक. दात ओठ खाऊन, सरळ बॉल, एक एक पिन उचलत. बाकीच्या मुली वळणाच्या मागं लागून दोन दोन पिना सोडत होत्या. हिनं सहा डावांत तीनच सोडल्या. सहावी आली, शेवटची जागा, चार पिनांच्या फरकानं. मॅनेजरनं तिला मिठी मारली. तिनं मारू दिली.

मामा लांब, मशीनपाशी उभा होता. ती त्याच्याकडं गेली नाही. आधी काउंटरमागं गेली, आईचा फोटो उतरवला, ओढणीत गुंडाळला. मग त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "हा इथं नको. घरी लावू." मामानं मान डोलावली. ती म्हणाली, "चल," आणि तो तिच्या मागोमाग निघाला.

दहा वर्षांपूर्वीच्या त्या स्पर्धेत ताईच्या खालोखाल आलेल्या बाई अजून शुक्रवारच्या लीगला येतात. मी त्यांच्या बॉलला भोकं पाडतो आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. पोरगी म्हणते, संघाचं शिबिर संपलं की आईचा करंडक घेऊन ती स्वतः त्यांच्या घरी जाईल. जाईल ती. आईसारखी हट्टी आहे.

सोमवारी सकाळी मी पिवळं कापड धुऊन, घडी करून घेऊन गेलो. मामा निळ्या दिव्याखाली अकरा नंबरची पट्टी धरून उभा होता. सपाट तेलाची आता काही गरज नव्हती, तरी त्यानं अकरावर तेच घातलं होतं. पट्टी एकसारखी उजळलेली होती. आठवी फळी कुठली आणि नववी कुठली, सांगता आलं नसतं. मी कापड पुढं केलं. खरं सांगतो, त्यानं ते घ्यावं असं मला वाटत होतं. मी भुतावर विश्वास न ठेवणारा माणूस, आणि एका घरातलं भूत मीच घालवलं होतं.

त्यानं कापडाकडं बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "यायचं असेल तर तिनं आपणहून यायला हवं."

कापड माझ्या खणात आहे. मामा अजून रोज आठला तेल घालतो आणि पावणेनऊला अकरा नंबरची पट्टी सगळ्यांत शेवटी उचलतो. "बरोबर आहे," तो म्हणतो, आणि चहा गार होईपर्यंत तिथंच उभा राहतो.